रुबिडियमचा डबा लॉक होत नाहीये, काय करू?

गेल्या अंकात फ्रिक्वेन्सी काउंटर कुठला घ्यावा या प्रश्नाचं उत्तर देताना मी सहज लिहून गेलो की माझ्या टेबलावर एक जुना रुबिडियमचा डबा रात्रंदिवस चालू असतो आणि बाकीच्या मीटरांची हजेरी मी त्याच्यासमोर घेतो. झालं. या महिन्याची निम्मी पत्रं आणि मेसेज त्या डब्यावरच. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतोय, इन्व्हर्टरवाल्यांनी आणि टेपरेकॉर्डरवाल्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवलीत.

नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की हा डबा म्हणजे अ‍ॅटॉमिक फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड, अणूच्या आधारानं फ्रिक्वेन्सी पक्की धरून ठेवणारं यंत्र, अ‍ॅटॉमिक क्लॉकचाच भाऊ. हे नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यासमोर भिंतीवरचं घड्याळ येतं, पण याला काटे नाहीत आणि डिस्प्लेही नाही. वीज द्यायची, जरा गरम होऊ द्यायचं, आणि एका सॉकेटातून १० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह बाहेर येते, बस. मोबाइल टॉवर, टीव्ही केंद्रं, लॅब अशा ठिकाणी हे डबे वर्षानुवर्षं राबले, मग बदलले गेले आणि भंगाराच्या वाटेनं आमच्यासारख्यांच्या हाती लागले. अशा माणसांना इंग्रजीत टाइम-नट म्हणतात. मराठीत घरचे काय म्हणतात ते छापता येणार नाही.

प्रश्न (सांगली): नमस्कार सर. मी एक सेकंडहँड रुबिडियम ऑसिलेटर मागवला, एलपीआरओ-१०१, टॉवरमधून काढलेला आहे म्हणे. २४ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला, तासभर झाला तरी लॉक होत नाही. ऑसिलोस्कोपवर वेव्ह दिसते, पण काउंटरवरचा आकडा सावकाश वर जातो, मग खाली येतो, परत वर. विकणारा परत घेत नाही. पैसे बुडाले का?

उत्तर: बुडाले नसावेत, आणि आकडा वर-खाली होतोय ही तर चांगली बातमी आहे. आतमध्ये एक क्रिस्टल आहे, आणि तो अणूची नेमकी जागा सापडेपर्यंत स्वतःची फ्रिक्वेन्सी मुद्दाम हळूहळू वर-खाली नेत शोधत असतो, अंधारात भिंतीवर हात फिरवत स्विच शोधतो ना आपण, तसंच. म्हणजे सर्किट जिवंत आहे, फक्त स्विच सापडत नाहीये. स्विच सापडून क्रिस्टल तिथेच धरला गेला की त्याला लॉक म्हणायचं.

पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. या डब्यात लॅम्प आणि सेल (रुबिडियमची वाफ भरलेली काचेची कुपी) तापवायला हीटर असतात, आणि थंड असताना ते दीड अँपिअरच्याही वर करंट ओढतात, गरम झाल्यावर तोच करंट अर्ध्या अँपिअरवर येतो. तुमचा १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर नेमका सुरुवातीलाच दम टाकत असणार, व्होल्टेज पडतं, हीटर पूर्ण तापत नाहीत, आणि मग तासभर काय, आठवडाभर थांबलात तरी लॉक होणार नाही. मी स्वतः पहिल्या वेळी हाच गाढवपणा केलेला आहे, दोन रात्री सर्किट डायग्राम घेऊन बसलो, मीटर लावून सगळं तपासलं, आणि तिसऱ्या दिवशी सहज सप्लायच्या टोकाला मीटर लावला तर १६ व्होल्ट! या डब्याला १९ ते ३२ व्होल्टपर्यंत काहीही चालतं, तेव्हा ३ अँपिअरचा चांगला सप्लाय घ्या, नाहीतर घरातला जुना लॅपटॉपचा जाड अ‍ॅडॉप्टर लावून बघा, तो १९च्या जरा वरच असतो. काठावर चालतो पण तपासायला पुरतो.

दुसरं म्हणजे खालचा पत्रा. तो नुसता झाकणाचा पत्रा नाही, उष्णता बाहेर काढायची वाट तीच आहे. लाकडी टेबलावर तसाच ठेवलात तर सुरुवातीला बरा चालेल, मग आतून भाजत राहील. तळहाताएवढी तरी जाड अ‍ॅल्युमिनियमची प्लेट किंवा हीटसिंक स्क्रूनं घट्ट लावा, मध्ये थर्मल पेस्ट. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने हीटसिंक किलोवर मिळतात. फॅन लावायचा असेल तर हळू फिरणारा आणि सतत एकाच वेगाचा, चालू-बंद होणारा नको.

एवढं करून पाच-दहा मिनिटांत लॉक नाही झाला तर दोन व्होल्टेज मोजा. एक लॅम्पचं, ते ३ ते १४च्या मध्ये हवं, ३च्या खाली गेलं असेल तर लॅम्प म्हातारा झालाय. दुसरं क्रिस्टलचं कंट्रोल व्होल्टेज. क्रिस्टल वीस-पंचवीस वर्षांत सरकत सरकत इतका लांब जातो की शोधायची त्याची धावच अणूपर्यंत पोचत नाही. अशा वेळी डबा उघडून आतल्या ट्रिमरनं क्रिस्टलला परत मध्यावर आणतात, आणि मग बघता बघता लॉक होतो. माझ्याकडे 'डेड' म्हणून आलेल्या डब्यांत लॅम्प गेलेले कमी आणि असे रस्ता चुकलेलेच जास्त निघालेत.

प्रश्न (नाशिक): काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला हे करायचंय पण आईनं 'अ‍ॅटॉमिक' हा शब्द ऐकला आणि घरात आणायचा नाही म्हणून सांगितलं. हे किरणोत्सर्गी असतं का? आणि यात अणू नक्की करतो काय?

उत्तर: आधी आईला सांग की अणुबॉम्बशी याचं नातं फक्त नावापुरतं आहे. अ‍ॅटॉमिक क्लॉकमध्ये अणू फुटत नाही, त्यातून काही बाहेर पडत नाही. खरं सांगायचं तर निसर्गातल्या रुबिडियममध्ये साधारण २८ टक्के रुबिडियम-८७ असतं आणि ते अगदी नावाला किरणोत्सर्गी आहे, पण त्याचं अर्धायुष्य जवळजवळ ४९ अब्ज वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या तिप्पट-साडेतिप्पट, आणि बल्बमध्ये तो धातू असतो डोळ्यात काजळ घालावं एवढा. अ‍ॅटॉमिक क्लॉकचा दुसरा प्रकार सीझियमचा, त्यात तर सीझियम-१३३ असतं, ते पूर्ण स्थिर. बातम्यांमध्ये येतं ते सीझियम-१३७, ते वेगळं. भीती बाळगायची तर काच फुटायची बाळग, कारण रुबिडियम आणि सीझियम दोन्ही पाण्याशी भडकतात. सीझियम २८.५ डिग्रीला वितळतं, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ते कपाटातसुद्धा पातळच असणार.

आता काम. रुबिडियमचा एक छोटा लॅम्प असतो, त्याचा प्रकाश रुबिडियमची वाफ भरलेल्या काचेच्या सेलमधून जातो आणि पलीकडे एक फोटोडायोड तो मोजत बसतो. क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीपासून सर्किट एक मायक्रोवेव्ह तयार करतं आणि त्या सेलवर सोडतं. ती मायक्रोवेव्ह बरोबर ६८३४.६८ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या त्या एका जागी बसली की सेलमधले अणू जास्त प्रकाश गिळतात, पलीकडचा उजेड किंचित उतरतो. किंचित म्हणजे शंभरातला एक भागही नाही. सर्किट त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर सारखं पाऊल टाकून बघत असतं, एचपीच्या यंत्रात सेकंदाला १३७ वेळा, आणि क्रिस्टलला खड्ड्याच्या तळाशी धरून ठेवतं. क्रिस्टल म्हणजे गाणारा आणि अणू म्हणजे तानपुरा असं समज. आवाज गाणाऱ्याचाच ऐकू येतो, पण सूर सोडायचा नाही.

फक्त एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की कर, कारण पुढे सगळे इथेच चुकतात. सेकंदाची व्याख्या १९६७ साली सीझियमवर ठरली, ९,१९२,६३१,७७० कंपनं म्हणजे १ सेकंद. सीझियमच्या यंत्रात अणू निर्वात ट्यूबमधून मोकळे उडत जातात, त्यामुळे त्यांचा आकडा जवळजवळ निसर्गाचाच. रुबिडियमच्या सेलमध्ये मात्र अणूंनी काचेवर आपटू नये म्हणून नायट्रोजनसारखा दुसरा वायू भरलेला असतो, आणि त्याच्या धक्काबुक्कीनं आकडा थोडा सरकतो, प्रत्येक सेलमध्ये वेगळा. म्हणजे रुबिडियम डबा फार स्थिर असतो, पण बरोबर असेलच असं नाही. 'लॉक' चा दिवा लागला म्हणजे त्याला स्वतःचा सूर सापडला एवढंच, तो सूर जगाच्या सुराशी जुळतो का हे तुला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. ते विचारणं म्हणजे कॅलिब्रेशन.

प्रश्न (डोंबिवली): माझ्याकडे ऐंशीच्या दशकातला एफ्राटॉम कंपनीचा एफआरके हा रुबिडियम डबा आहे. लॉक होतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी सुटतो. लॅम्प व्होल्टेज खूप कमी आहे. हॉट एअर गननं लॅम्प परत जिवंत करता येतो असं ऐकलं, खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि या छंदातला सगळ्यात मजेचा भाग तोच. पण गन हातात घ्यायच्या आधी कपॅसिटर बघा. एवढ्या जुन्या यंत्रात टँटलमचे कपॅसिटर शॉर्ट होतात, इलेक्ट्रोलिटिक सुकतात, आणि सप्लायला रिपल (व्होल्टेजची थरथर) आलं की लॅम्पचा ऑसिलेटर मरतुकडा चालतो आणि आपण लॅम्पच्या नावानं खडे फोडत बसतो. डोंबिवलीच्या दमट हवेत कनेक्टरचे पायही काळे पडलेले असतील, ते आधी साफ करा. माझ्याकडे एका लॅबच्या लिलावातून आलेला एचपी ५०६५ए हा रुबिडियमचाच डबा होता, त्याच्या सप्लायमधला एक शेंगदाण्याएवढा टँटलम बदलला आणि यंत्र उठून बसलं, लॅम्पला हातसुद्धा लावला नाही.

कपॅसिटर ठीक असतील तर मग लॅम्प काढा. काढताना बोट लावू नका, टिश्यूनं किंवा स्वच्छ कापडानं धरा, काचेवर राहिलेला बोटाचा तेलकट ठसा तापल्यावर तिथेच भाजून बसतो. बल्ब छोटा आहे, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. तो खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघा. जिथून प्रकाश बाहेर पडतो त्या समोरच्या काचेवर आरशासारखी चंदेरी झाक किंवा तपकिरी ढग दिसला तर तोच तुमचा रोग. रुबिडियम हळूहळू नको त्या जागी जाऊन बसलंय, स्वतःच्याच दारात पडदा लावून.

उपाय म्हणजे ज्या काचेवर तो थर आहे ती बाजू तापवायची आणि मागचं टोक थंड ठेवायचं, म्हणजे धातू तिथून उडून मागे जाऊन बसतो. मी मागचं टोक एका पितळी तुकड्यात धरतो, समोरून हॉट एअर गन आधी लांबून आणि मग हळूहळू जवळ आणतो. घाई केली की काच तडकते, आणि तडकली की संपलं, बाजारात दुसरा बल्ब मिळणार नाही. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. काही वेळानं बघता बघता तो आरसा कडेकडेनं विरायला लागतो, मध्ये एक स्वच्छ गोल उघडतो आणि मोठा होत जातो, आणि मागच्या टोकाला एक बारीकसा चकचकीत ठिपका जमतो. मग गन बंद, बल्ब तसाच धरून गार होऊ द्यायचा, फुंकर मारायची नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं होतं, ती म्हणाली, छान, आता जेवायला या.

परत बसवल्यावर लॅम्प पेटला की फिकट जांभळट-गुलाबी दिसतो आणि व्होल्टेज चढलेलं असतं. किती दिवस टिकेल हे मात्र बल्बवर आहे. काही बल्ब परत वर्षानुवर्षं चालतात, काही दोन महिन्यांत पुन्हा रुसतात, मग पुन्हा गन.

प्रश्न (रत्नागिरी): माझा डबा लॉक झालाय, आठ दिवस झाले मस्त चालू आहे. आता कॅलिब्रेट करायचाय. लॅबला पाठवायला पैसे नाहीत. माझ्याकडे दोन चॅनलचा स्कोप आणि १ पल्स पर सेकंद देणारा साधा जीपीएस मॉड्यूल आहे. जमेल का?

उत्तर: जमेल, तुमच्या खिडकीच्या वर आकाशात सीझियम आणि रुबिडियमची डझनभर घड्याळं फुकट फिरतायत, लॅब कशाला? लागणार आहे तो वेळ.

आधी आकड्यांची सवय लावून घ्या. आपण १० चा उणे ११वा घात, म्हणजे एकावर अकरा शून्यं एवढ्या भागांतला एक भाग, या हिशेबात बोलणार आहोत. १० मेगाहर्ट्झवर ही चूक ०.०००१ हर्ट्झ होते, साध्या काउंटरला ती दिसणारच नाही, म्हणून फ्रिक्वेन्सी मोजायच्या नादी लागू नका, वेळ मोजा. दोन १० मेगाहर्ट्झच्या वेव्ह स्कोपवर एकमेकींच्या खाली लावल्या तर एक दुसरीच्या पुढे सरकताना दिसते. एक पूर्ण वेव्ह म्हणजे १०० नॅनोसेकंद. तेवढं सरकायला १००० सेकंद लागले तर फरक उणे १०व्या घाताचा, १०,००० सेकंद लागले तर उणे ११व्याचा. पावणेतीन तास स्कोपसमोर बसायचं, चहा घेऊन.

तुमच्याकडे फक्त जीपीएसचा पल्स आहे, तेव्हा रुबिडियमच्या १० मेगाहर्ट्झला एका छोट्या मायक्रोकंट्रोलरनं एक कोटीनं भागा आणि त्याचाही सेकंदाला एक पल्स करा. मग स्कोपवर एका पल्सवर ट्रिगर आणि दुसरा किती नॅनोसेकंद पुढे-मागे आहे ते वाचा. आता गंमत अशी की साध्या मॉड्यूलचा पल्स दर सेकंदाला काही दहा नॅनोसेकंद इकडेतिकडे उड्या मारतो. म्हणून एका तासात निकाल मागितलात तर तो उड्यांचाच निकाल मिळेल. ३० नॅनोसेकंदांची अनिश्चितता तासाभरात उणे ११व्या घाताच्या जवळ जाते, तीच पूर्ण दिवसावर पसरली तर त्याच्या विसाव्या-पंचविसाव्या भागावर येते. जीपीएस घटकेला अस्थिर आणि महिन्याला खरा, रुबिडियम घटकेला स्थिर आणि महिन्याला सरकणारा. दोघांची गाठ दिवसाच्या आसपास पडते. कुठल्या काळावर कोण जास्त भरवशाचा हे मोजायची पद्धत डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६ साली मांडली, आजही सगळे आलेख त्यांच्याच नावानं काढतात.

समजा सोमवारी सकाळी ८ला अंतर ३१० नॅनोसेकंद आहे आणि मंगळवारी ८ला ७४२. फरक ४३२ नॅनोसेकंद, भागिले ८६,४०० सेकंद, उत्तर ५ गुणिले उणे १२वा घात. हे फार सुंदर आहे, इथे थांबलात तरी चालेल. जास्त निघालं तर डब्याला जो बारीक अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू असतो, सी-फील्डचा, तो अगदी थोडा फिरवा. त्यानं सेलभोवतीचं छोटं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि अणूचा आकडा केसभर सरकतो. फिरवला की कुठे होता, कुठे गेला ते वहीत लिहा आणि चोवीस तास हात लावू नका. चहात साखर ढवळल्यासारखा स्क्रू फिरवणारे लोक मी पाहिलेत, महिनाभर फिरवतात आणि शेवटी डबा खराब आहे म्हणतात.

आलेख मात्र रोज काढा, कारण नुसत्या दोन आकड्यांत कळत नाही अशा गोष्टी त्यात दिसतात. माझ्या आलेखात रोज दुपारी चारच्या सुमाराला एक उंचवटा यायचा. मी सप्लाय बदलला, केबल बदलली, मॉड्यूल बदलला, उंचवटा हलेना. एका रविवारी त्या वेळी खोलीत होतो म्हणून लक्षात आलं, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन बरोबर डब्यावर येत होतं. साधा पडदा लावला, उंचवटा गेला.

कोकणात असल्यामुळे दोन गोष्टी अजून. अँटेना खिडकीत नको, गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली ठेवा, आणि कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, नाहीतर पहिल्या पावसात खारं पाणी आत जाऊन आठवड्याभरात हिरवं पडेल. केबल लांब असली तरी बिघडत नाही, मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद उशीर होतो पण तो रोज तेवढाच, फ्रिक्वेन्सीला त्याचं काही नाही. आणि दिवे जातात म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये लावून डबा त्यावर तरंगता ठेवा. एकदा वीज गेली की गरम होऊन परत पूर्ण स्थिरावायला वेळ जातो, आणि आलेख तुटतो तो वेगळाच.

वर्षभरानं परत मोजा. रुबिडियम वयानुसार सरकतोच, त्याला इलाज नाही.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): इथल्या हॅमफेस्टमध्ये (हौशी रेडिओवाल्यांच्या बाजारात) एचपी ५०६१ए सीझियम स्टँडर्ड मिळतंय, विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये सहा-सात वर्षं बंद होतं. घेऊ का? भारतात येताना घेऊन यायचा विचार आहे.

उत्तर: घेऊन यायचा विचार सोडा, ते यंत्र ३० किलोच्या आसपास आहे आणि सीझियम विमानानं न्यायचं म्हणजे धोकादायक मालाचे सगळे नियम लागतात. तिथेच ठेवणार असाल तर घ्या, पण ट्यूब मेलेली आहे असं धरूनच भाव करा.

लगेच मेन स्विच दाबू नका. बीम ट्यूबमध्ये वर्षानुवर्षं थोडा थोडा वायू साठलेला असतो, तशात सीझियम तापवणारा ओव्हन आणि बाकी सगळं चालू केलं तर उरलीसुरली ट्यूबही जाईल. आधी फक्त ट्यूबच्या आयन पंपला (आतला वायू ओढून घेणाऱ्या) वेगळ्या सप्लायमधून व्होल्टेज द्या, ते साडेतीन हजार व्होल्टच्या आसपास असतं, त्यामुळे एक हात खिशात आणि घरात एकटे असताना नाही. पंपाचा करंट बघत बसा. तासांनी, कधी दिवसांनी तो उतरत उतरत काही मायक्रोअँपिअरवर आला तर निर्वात शाबूत आहे. जिथल्या तिथे अडकून राहिला तर गळती आहे, पैसे वाचवा. उतरला तर मग यंत्र चालू करा, ओव्हन तापू द्या, पुढच्या मीटरचा नॉब बीम करंटवर फिरवा. सुई हललीच नाही तर सीझियम संपलेलं आहे किंवा इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर थकलाय. नव्या ट्यूबची किंमत म्हणजे एखादी बरी कार, तेव्हा तो विचार नको. तरी सगळं वाया जात नाही, आतलं ५ मेगाहर्ट्झचं क्वार्ट्झ ऑसिलेटर स्वतःच इतकं चांगलं आहे की त्याला जीपीएसच्या मागे बांधून बरेच जण वापरतात.

याच मॉडेलची चार यंत्रं घेऊन हाफेल आणि कीटिंग १९७१ साली साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीला दोन फेऱ्या मारून आले होते, एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला. पूर्वेच्या फेरीत घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेच्या फेरीत २७३ पुढे गेली, वेग आणि उंचीनुसार घड्याळाची चाल बदलते या आइनस्टाइनच्या हिशेबाशी जुळलं. आणि तुमच्याच देशातल्या एका हौशी माणसानं २००५ साली तीन सीझियम घड्याळं मुलाबाळांसकट गाडीत घालून माउंट रेनियर डोंगरावर नेली, दोन रात्री राहिला, खाली आल्यावर घड्याळं सुमारे २२ नॅनोसेकंद पुढे निघाली. सहलीला जाताना आपण डबे नेतो, त्यानंही डबेच नेले.

प्रश्न (जळगाव): इस्रोच्या नाविक (आपल्या देशाचं जीपीएस) उपग्रहांतली घड्याळं बंद पडली होती म्हणे, तीही रुबिडियमचीच ना? मग आपण भंगारातली चालवतो आणि त्यांची नवी कशी बिघडतात?

उत्तर: तीही रुबिडियमचीच. जुलै २०१३ मध्ये गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळं बंद पडली, ती परदेशातून घेतलेली होती. पण तुलना करू नका. आपला डबा रुसला तर आपण झाकण उघडून कपॅसिटर बदलतो, ३६,००० किलोमीटरवर हॉट एअर गन घेऊन कोण जाणार? शिवाय प्रक्षेपणाचे हादरे, पोकळी, किरणं. त्याच्या जागी पाठवलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न उघडल्यामुळे आतच अडकून राहिला, एप्रिल २०१८ मध्ये १आय गेला. मला आवडणारी गोष्ट पुढची आहे, अहमदाबादला आपल्याच लोकांनी रुबिडियम घड्याळ तयार केलं आणि २९ मे २०२३ला एनव्हीएस-०१ बरोबर ते वर गेलं.

प्रश्न (ठाणे): माझे यजमान तुमचं सदर वाचून बिघडलेत. घरात एक डबा २४ तास गरम होत बसलाय, बंद करू देत नाहीत. लाइटबिल किती येईल आणि याचा उपयोग काय ते सांगा. स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे ते मात्र लावत नाहीत.

उत्तर: वहिनी, गरम झाल्यावर डबा साधारण १२ वॉट घेतो, महिन्याला नऊएक युनिट. बिलात कळणारसुद्धा नाही, तेव्हा त्या मुद्द्यावर तुम्ही हराल.

उपयोगाच्या मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे, पण अगदीच काही नाही असं नाही. यजमान हॅम (हौशी रेडिओवाले) असतील तर क्यूओ-१०० नावाचा उपग्रह आपल्याकडून दिसतो, त्याचा सिग्नल १०,४८९ मेगाहर्ट्झवर खाली येतो. तो ऐकायला छत्रीवर डिश टीव्हीसारखाच एलएनबी (सिग्नल पकडून खालच्या फ्रिक्वेन्सीवर आणणारा डबा) लावतात, त्यातला साधा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आत ३९० पट होतो, म्हणजे ऊन पडलं, ढग आला की स्टेशन डायलवर पळत सुटतं. तिथे असा स्थिर डबा जोडला की स्टेशन खिळा मारल्यासारखं जागेवर राहतं. हॅम नसतील तर मग फक्त समाधान. डबा उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा, रात्रीच्या आत ते घड्याळ लागलेलं असेल.

प्रश्न (बेळगाव): डबा आडवा होता तो जागेसाठी उभा केला तर आलेखाचा उतारच बदलला. काही तुटलं का?

उत्तर: काही तुटलं नाही. डब्याला चुंबकापासून वाचवायला आत कवच असतं पण ते शंभर टक्के नसतं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र वेगळ्या दिशेनं आत शिरलं की सेलला ते थोडं जाणवतं. शिवाय उभा केल्यावर हीटसिंकची हवा वेगळी वाहते. आता उभाच ठेवा, दोन दिवस स्थिरावू द्या आणि मग नव्यानं मोजा. आणि पत्रात लिहिलंय की शेल्फवर शेजारी स्पीकर आहेत, ते दुसऱ्या खोलीत हलवा.